खुर्ची बुक केलीत, लेकीला विचारलंत का?

सल्ला मागणारं एका वडिलांचं पत्र असं आहे : "मुलगी चोवीस वर्षांची, बीडीएस, इंटर्नशिप पूर्ण. दहावीला 94.60, बारावीला 81. नीटला दोनदा बसवली, एमबीबीएस लागलं नाही म्हणून खासगी कॉलेजात डेंटल केलं. आजवर साडेअठरा लाख गेले. बार्शीत मेन रोडला गाळा घेतलाय, डेंटल चेअर बुक केली, ॲडव्हान्स दिला. आता ही म्हणते क्लिनिक टाकायचं नाही, पब्लिक हेल्थ करायचं, गरीब देशांत काम करायचं. कॉलेजच्या कॅम्पला ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांवर जाऊन आल्यापासून हे डोक्यात शिरलंय. तिथून वही भरून आकडे आणलेत, किती बायका मिश्री लावतात, पाणी किती लांबून आणतात. उपयोग काय? हल्ली मलावी नावाच्या देशातल्या कॉलऱ्याबद्दल वाचत बसते. दात काढणारीचं कॉलऱ्यात काय काम? स्थळंही येताहेत. तिला दाखवता येईल असं दोन ओळींचं लिहून पाठवा."

नमस्कार.

दोन ओळींत बसेल असं माझ्याकडे काही नाही. आणि जे लिहितेय ते तुम्ही तिला दाखवाल की नाही, याचीही मला शंका आहे.

तुमच्या पत्रात दहावीचे टक्के दोन दशांशांपर्यंत आहेत. फी आहे, गाळा आहे, खुर्ची आहे. मुलीचं म्हणणं मात्र एका वाक्यात उरकलंय आणि ते वाक्यही "आता ही म्हणते" असं सुरू होतं. ती का म्हणते, कधीपासून म्हणते, तिला नेमकं काय करायचंय, याचा पत्रात पत्ता नाही. तुम्ही विचारलंच नसावं. खुर्ची बघायला गेलात तेव्हा ती बरोबर होती का? ज्या खुर्चीशेजारी तिने पुढची तीस-पस्तीस वर्षं वाकून काम करायचं, ती पसंत कुणी केली? साडी घेतानासुद्धा आपण जिला नेसायची आहे तिला दुकानात नेतो.

आणखी एका शब्दावर मी अडले. "नीटला दोनदा बसवली." बसली नाही, बसवली. आपल्याकडे गणपती बसवतात आणि मुलं बसवतात. गणपती निदान दहा दिवसांनी उठतो. तुमची लेक सतराव्या-अठराव्या वर्षापासून बसलेलीच आहे आणि ती पहिल्यांदा उठायचं म्हणतेय, तर तुम्ही मला पत्र लिहिलंत.

तुमची भीती मला कळत नाही असं समजू नका. साडेअठरा लाख नोकरदाराच्या घरात झाडाला लागत नाहीत. पण ते गेले. क्लिनिक टाकलं म्हणून ते परत येतील हा हिशेब तुम्ही ज्या कागदावर केलात, त्यावर मेन रोडवरच्या बाकीच्या दवाखान्यांची संख्या लिहिलीत का? एकदा संध्याकाळी स्टँडपासून चालत जा आणि दंतवैद्यांच्या पाट्या मोजा. नव्या बीडीएस मुलामुलींना दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये महिन्याकाठी काय हातात पडतं ते तिच्या वर्गमित्रांना विचारा. माझ्याकडे येणारी मुलं जे आकडे सांगतात, ते ऐकून पालकांचे चेहरे उतरतात.

आता तुमचा प्रश्न. दात काढणारीचं कॉलऱ्यात काय काम? प्रश्न टोमणा म्हणून विचारलात, पण चांगला आहे. आरोग्य म्हणजे डॉक्टर आणि डॉक्टर म्हणजे इंजेक्शन, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की गरीब देशांत माणसं मरतात ती डॉक्टर नाहीत म्हणूनच, असं आपण धरून चालतो. आफ्रिकेतल्या मलावीचंच घ्या. जानेवारी 2022 मध्ये ॲना वादळाच्या पुराने देशाच्या दक्षिण भागाची दैना केली. मार्चमध्ये मचिंगा जिल्ह्यात कॉलरा सुरू झाला आणि हळूहळू देशभर पसरला. सुमारे 59 हजार जणांना लागण झाली, 1,760 हून जास्त माणसं दगावली. त्या देशाच्या इतिहासातली ही सगळ्यात घातक साथ. वेळेवर उपचार मिळाले तर कॉलऱ्यात शंभरात एकही माणूस जायला नको, मलावीत तीन गेले. आणि उपचार काय, तर मुख्यतः मीठ-साखर-पाणी. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखर-पाणी पिंपांतून भरून ठेवलं आणि नातेवाइकांच्या हाताने पाजलं. शंभरातले तीस मरत होते, ते चारच्याही खाली आले. म्हणजे इलाज पन्नास वर्षं हातात आहे, तरी माणसं मेली. कारण विहिरी आणि संडास पुरात गेले, उपचार केंद्र लांब होतं, घरचे उशिरा निघाले, आणि जगभर लशीचा तुटवडा इतका की ऑक्टोबर 2022 मध्ये दोनऐवजी एकाच डोसवर भागवायचं ठरलं. यातल्या कुठल्या कारणावर इंजेक्शन चालतं? इथे लागतो तो माणूस पाणी कुठून येतं, कोण आणतं, किती चालावं लागतं, आजारी पडलेल्याला पोचायला किती तास लागले, हे वस्तीवर बसून विचारणारा आणि नीट लिहून ठेवणारा. तुमची लेक कोप्यांवर वही घेऊन बसली होती, तेव्हा ती नेमकं हेच करत होती. तिला ते कुणी सांगितलंही नसेल.

आणि दातच हवे असतील तर नोमा म्हणून एक रोग आहे. तिला विचारा, पाठ्यपुस्तकात एखादा परिच्छेद वाचला असेल. दोन ते सहा वर्षांची कुपोषित मुलं, बहुतेक सहाराच्या दक्षिणेकडची. गोवर किंवा असाच एखादा आजार होऊन जातो आणि हिरडीवर छोटा व्रण येतो. काही दिवसांत तो गाल आणि जबडा खात जातो. उपचार झाले नाहीत तर दहातली नऊ मुलं जातात. वाचतात त्यांचा चेहरा राहत नाही, पुष्कळांना तोंड उघडता येत नाही, घरचे लपवून ठेवतात. व्रण हिरडीवर असतानाच दिसला तर साधं अँटिबायोटिक, चुळा भरणं आणि पोटभर सकस खाणं एवढ्यावर भागतं. हा रोग एकेकाळी युरोपातही होता. लोकांना नीट खायला मिळू लागलं तसा तो तिथून गेला, आणि पुन्हा दिसला तो नाझींच्या छळछावण्यांत. जागतिक आरोग्य संघटनेने दुर्लक्षित रोगांच्या यादीत त्याला घेतलं ते डिसेंबर 2023 मध्ये. दुर्लक्षितांच्या यादीत यायलाही नंबर लागतो! गावात लस टोचायला किंवा वजन करायला येणाऱ्या कार्यकर्तीने बाळाचा ओठ वर करून हिरडी बघावी, हे तिला कोण शिकवणार? शल्यविशारद नाही शिकवत. हिरडी ज्याला कळते आणि वस्तीत काम कसं चालतं हेही ज्याला कळतं, तो शिकवतो.

यापुढचा मजकूर तिच्यासाठी. तिलाही तो आवडणार नाही.

बाळा, मलावीला तुझी वाट बघत कुणी बसलेलं नाही. तिथे गावपातळीवर सरकारी पगारावरचे आरोग्य कार्यकर्ते आहेत. देवीची लस टोचणारे आणि सत्तरच्या दशकातले कॉलरा सहायक, यांच्यातून ही फळी उभी राहिली. ते तिथली चिचेवा भाषा बोलतात, त्यांना वाटा माहीत आहेत. तू तिथे काय घेऊन जाणार आहेस? कळवळा त्यांच्याकडेही आहे. शिवाय बाहेरच्या पैशावर चालणाऱ्या या क्षेत्राची 2025 मध्ये जी पडझड झाली ती तुझ्या वाचनात आली असेलच. परदेशांना मदत देणारी अमेरिकेची सरकारी संस्था यूएसएड 1 जुलै 2025 पासून बंद. जागतिक आरोग्य संघटनेने 2026-27 चं बजेट पाचव्या हिश्शाहून जास्त कापलं. वीस-वीस वर्षं अनुभव असलेली माणसं अर्ज करत फिरताहेत. अशा वेळी चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज काढून लंडनला एक वर्षाचा कोर्स करायचा आणि मग जिनिव्हात, या संघटनेच्या मुख्यालयाच्या गावी, नोकरी शोधायची, असा बेत असेल तर मी तुझ्या बाबांच्या बाजूने आहे.

आधी दोन वर्षं इथे काम कर. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच, फारसं न शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने बाळंतिणीच्या घरी जाऊन भेटी द्याव्यात अशी शिफारस केली. जामखेडला डॉ. आरोळे दांपत्याने 1970 मध्ये सुरू केलेलं गावपातळीवरच्या आरोग्याचं काम बघायला तर जगभरातून लोक येतात. बार्शीहून जामखेड किती लांब आहे? बाबांना म्हणावं, एसटीने चला. सर्चच्या तरुणांसाठीच्या 'निर्माण' उपक्रमाची चौकशी कर. दोन वर्षांचा अनुभव गाठीशी असला की ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगसारख्या शिष्यवृत्तीला अर्ज तरी करता येतो.

एमपीएच, म्हणजे पब्लिक हेल्थची पदव्युत्तर पदवी, बीडीएसवर होतं. मुंबईत देवनारची टिस (टाटा समाजविज्ञान संस्था), पुणे विद्यापीठ आणि तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन सेंटर यांची प्रवेशाची पानं बघ. लोकसंख्येच्या अभ्यासासाठी देवनारलाच आयआयपीएस आहे, 1956 पासूनची. तिथे आशिया-आफ्रिकेतली मुलं शिकायला येतात, म्हणजे निम्मं जग तुला गोवंडी स्टेशनवर भेटेल. घरबसल्या सहा महिन्यांत पब्लिक हेल्थची पदवी देणाऱ्या जाहिरातींकडे बघूही नकोस.

संख्याशास्त्र मात्र टाळू नकोस. बीडीएसची मुलं ते टाळतात आणि मग नुसती शिबिरं भरवत राहतात. आणि एक भाषा शिक. सगळ्यात गरीब म्हणून जे पंचवीसेक देश मोजले जातात (भारत त्यांत नाही, हेही घरी सांग) त्यांतल्या नायजर, चाड, बुर्किना फासो, काँगो अशा कितीतरी देशांत सरकारी कामकाजात फ्रेंच लागते किंवा चालते. मोझांबिकमध्ये पोर्तुगीज. तिथला आरोग्य खात्याचा अहवाल तुला वाचता आला नाही तर तू पाहुणी, कितीही शिकलेली असलीस तरी.

बुर्किना फासोवरून आठवलं. मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या रोगाची, एक लस पुण्यात बनली आणि डिसेंबर 2010 मध्ये तिथे मोठ्या प्रमाणावर टोचायला सुरुवात झाली. 2012 मध्ये तीच लस चाळीस अंशांपर्यंतच्या उन्हाळ्यात चार दिवस बर्फाविना नेता येईल, अशी परवानगी मिळाली. कुणीतरी बसून तपासलं, मोजलं, कागदं केली, म्हणून लांबच्या गावापर्यंत बर्फाचे डबे वाहायची गरज उरली नाही. या कामात फोटो काढण्यासारखं काहीच नसतं. ते तुला कंटाळवाणं वाटलं तर हे क्षेत्र तुझं नाही, गाळा तयारच आहे.

आता पुन्हा बाबांकडे. स्थळांबद्दल मी सल्ला देत नाही, त्यामुळे तो मुद्दा सोडते. खुर्चीच्या व्यापाऱ्याला फोन करून ॲडव्हान्स परत मिळतो का ते विचारा, काही रक्कम कापून देतात बहुतेक. गाळा भाड्याने असेल तर अकरा महिन्यांनी सोडता येतो, विकत घेतला असेल तर दुसऱ्याला भाड्याने देता येतो. तिने क्लिनिकच हवं म्हटलं तर खुर्ची पुन्हा मिळेल, खुर्च्यांचा दुष्काळ नाही.

पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ द्या, त्यात टक्के नकोत. आणि ती वही दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत गेली नसेल, तर पहिल्या चार पानांचे फोटो पाठवायला सांगा. पाण्याला किती लांब जावं लागतं हे तिने पावलांत लिहिलंय की मिनिटांत, ते मला बघायचंय.