मोझार्ट-वेबरनंतर काय वाजवशील

चि.,
अनेक आशीर्वाद.

परवा तलावपाळीवर तू विचारलंस, क्लॅरिनेटवर मोझार्ट झाला, वेबर झाला, आता पुढे काय? उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय.

क्रूसेल घे. बर्नहार्ड क्रूसेल (१७७५–१८३८) जन्माने फिनलंडचा, पण हयात गेली स्टॉकहोमच्या दरबारी वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवण्यात. त्याच्या तीन कॉन्चेर्टोंपैकी (म्हणजे एक वाद्य पुढे आणि वाद्यवृंद साथीला, अशा रचनांपैकी) एफ मायनरमधला, ओपस म्हणजे रचनाक्रमांक ५, आधी काढ. वाजवणाऱ्यानेच लिहिलंय हे बोटांना लगेच कळतं. मधला संथ भाग हातात घेण्याआधी श्वासाच्या जागा पेन्सिलीने खुणून ठेव. तुझा दम ओळ पुरी व्हायच्या आत सुटतो. वेबरच्या धावपळीत ते झाकलं जातं, इथे उघडं पडेल. म्हणूनच हा भाग तुला सांगतोय.

मग फर्डिनांड रीसचा क्लॅरिनेट आणि पियानोसाठीचा जी मायनर सोनाटा, ओपस २९. हा बेथोव्हेनचा शिष्य. इथे पियानो साथीला नाही, बरोबरीला बसलाय. स्टॅनफर्डचा १९११ चा सोनाटा मात्र दोनेक वर्षांनी. त्यातला आयरिश विलाप आत्ता वाजवलास तर नुसता गोड होईल.

नोटेशनचं म्हणशील तर आपल्या कायद्यात रचनाकार गेल्यावर ६० वर्षांनी रचनेवरचा हक्क (कॉपीराइट) संपतो. या तिघांच्या जुन्या छापील प्रती आयएमएसएलपी या नोटेशनच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. नव्याने संपादित केलेली प्रत हवी असेल तर ती विकतच घे. धोबी तलावला फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात चौकशी कर. शोधताना नावांवर विसंबू नकोस. वाग्नरचा म्हणून वर्षानुवर्षं वाजलेला अडाजिओ (संथ भाग) मुळात हाइनरिख बेअरमानच्या क्विंटेटमधला, म्हणजे पाच वाद्यांच्या रचनेतला, आणि वेबरच्या नावावर खपलेली एक व्हेरिएशन्सची रचना योझेफ क्यूफनरची. खऱ्या नावाने शोधलंस की त्याच माणसाचं आणखीही काही हाती लागतं.

आणि पहिल्या पानाचा डावा वरचा कोपरा वाच. क्लॅरिनेट कुठल्या सुराची ते तिथे लिहिलेलं असतं. जर्मन रचनाकार रेगरच्या ओपस ४९ मधला दुसरा सोनाटा ए क्लॅरिनेटसाठी आहे, आणि ती नेहमीच्या बी फ्लॅट क्लॅरिनेटपेक्षा अर्धा स्वर खाली वाजते. मी तो न बघता प्रिंट काढला, महिनाभर बी फ्लॅटवर घोटला आणि नौपाड्यात पियानोवालीसमोर पहिलाच सूर अर्धा स्वर चढा लागला. तिने हात उचलून घेतले. महिना वाया गेला याचं आजही वाईट वाटतं. तुझ्याकडे बी फ्लॅटच आहे. ए चा पार्ट घेतलास तर सगळं अर्धा स्वर खाली लिहून काढावं लागेल. सध्या त्या भानगडीत पडू नकोस.

नुसता क्लॅरिनेटचा पार्ट छापू नकोस, पियानोचा स्कोअरही छाप. तुझ्या विरामात तिकडे काय चाललंय ते ठाऊक असलं की मोजत बसावं लागत नाही.

पियानोवाला मिळेपर्यंत क्रूसेलची दोन क्लॅरिनेटची डुएट्स आहेतच. रविवारी सकाळी घरी ये, खालचा पार्ट मी वाजवतो. हवा दमट आहे, मुखपट्टीला लावायच्या दोन-तीन रीड (वेताच्या पट्ट्या) जास्तीच्या आण.

तुझा,
काका