एका गिटारसाठी दोन अँप वापरायचे आहेत. ए-बी बॉक्स घेऊ का?

प्रश्न थोडक्यात असा: एक अँप क्लीनसाठी (स्वच्छ आवाज), एक डिस्टॉर्शनसाठी (फाटका आवाज), गाणं चालू असताना पायाने बदलायचे आहेत. ए-बी बॉक्स, म्हणजे गिटारचा सिग्नल या किंवा त्या अँपला देणारा स्विच, घ्यावा का? घेतला तर हम (सतत घूं असा आवाज) येतो असं ऐकलंय, आणि एक मित्र म्हणतो की एका अँपच्या प्लगची अर्थची पिन काढून टाक, हम जातो. खरं का?

बॉक्स घ्या. हम येऊ शकतो. पिन काढली की तो जातो हेही खरं आहे, आणि तरीही त्या मित्राच्या हातात पक्कड देऊ नका.

इथे थांबता आलं असतं. पण पिनेचा विषय निघाला की माझा खालचा ओठ अजूनही आपोआप दाताखाली जातो, म्हणून थोडं लांबण लागेल.

१९९८ सालचा गणेशोत्सव. मी तेव्हा दिवसा भोसरीत एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो आणि संध्याकाळी दादांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. दादा म्हणजे कीबोर्डवाले, मालक, आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारची जागा कायमची राखीव असलेले. मला ते ‘इंजिनिअर’ म्हणायचे. मी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, त्यामुळे त्या हाकेत कौतुक किती आणि टोमणा किती हे सांगायला नको.

आमची मेडली असायची. साठच्या दशकातली दोन गोड गाणी, आणि तिथून थेट डिस्को. माझ्याकडे स्वतःचा एक बरा क्लीन अँप होता, आणि दादांचा एक जुना, इथेच कुणीतरी बांधलेला, जो आवाज वाढवला की छान फाटायचा. मधल्या चार मात्रांत मी एका अँपमधून केबल उपटून दुसऱ्यात खुपसायचो. ढप्प! दर वेळी पहिल्या रांगेतली लहान पोरं दचकायची. म्हणून मी स्विचचा डबा बनवायचं ठरवलं. आजोबांचा पितळी पानडबा माळ्यावर पडून होता. त्याला तीन जॅकची भोकं पाडली, पुण्याच्या तपकीर गल्लीतून सहा पायांचा जाड टॉगल स्विच आणला, आत सोल्डर मारलं. आई म्हणाली, "आज बाबा असते तर सुपारीबरोबर तुलाही कातरलं असतं." डबा मात्र झकास झाला होता. असा टॉगल म्हणजे एकदम हलणारे दोन स्विच, म्हणजे दोन पोल: एका पोलवर गिटारचा सिग्नल, दुसऱ्या पोलवर जो अँप वापरात नाही त्याचं इनपुट अर्थला टेकवलेलं, म्हणजे रिकामा अँप भुणभुणत नाही. ही दुसरी गोष्ट बाजारातल्या स्वस्त बॉक्सांतही पुष्कळदा नसते, घेताना बघा.

घरी सगळं उत्तम चाललं. घरी दोन्ही अँप एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर होते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

कार्यक्रम पेठेतल्या एका मंडळाचा. स्टेज म्हणजे लोखंडी पाइपांवर फळ्या, वर ताडपत्री आणि भाद्रपदातला पाऊस. ताडपत्रीला पोट सुटलं होतं आणि मांडववाल्याचा पोरगा मधूनमधून बांबूने ते पाणी ढकलत होता. डावीकडचा अँप (दादांचा) मांडववाल्याच्या बोर्डावर, उजवीकडचा (माझा) साउंडवाल्याच्या. दोन्हीकडची अर्थिंग वेगळी. डबा जोडला आणि दोन्ही अँपमधून असा घूं निघाला की तबलजीने हातोडी खाली ठेवली.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिचा हम ५० वर आणि १०० वर बसतो, आणि हे दोन्ही जी स्वराच्या किंचित वर पडतात. त्या रात्रीची सगळी गाणी जी मध्ये घेतली असती तर तानपुरा म्हणून खपलं असतं.

याचं कारण सांगतो, कारण दादांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. स्विच बदलतो ती केबलच्या आतली तार. बाहेरची जाळी कधीच सुटत नाही, ती गिटारपासून दोन्ही अँपच्या चासीपर्यंत (आतला धातूचा सांगाडा) अखंड असते. दोन्ही चासी आपापल्या प्लगमधून अर्थलाही जोडलेल्या. म्हणजे एक गोल तयार झाला: एका बोर्डाची अर्थ, अँप, केबलची जाळी, डबा, दुसरी जाळी, दुसरा अँप, दुसऱ्या बोर्डाची अर्थ. दोन अर्थमध्ये जरासा जरी व्होल्टेजचा फरक असला तरी त्या जाळीतून करंट फिरतो आणि अँप तो इमानदारीत मोठा करून ऐकवतो. कोणता अँप निवडलाय याने फरक पडत नाही. लोकांना वाटतं, एका वेळी एकच अँप चालू असल्यावर गोल कसा होईल? होतो.

दादा म्हणाले, "इंजिनिअर, तुझा डबा बोलतोय बघ."

मी म्हटलं, "दादा, अर्थचा लूप आहे. दोन्ही एका बोर्डावर घेऊ, केबल टाकायला दहा मिनिटं लागतील."

दहा मिनिटं नव्हती. मंडळाचे अध्यक्ष घड्याळ दाखवत उभे. दादांनी पक्कड घेतली, आपल्या अँपच्या प्लगची वरची जाड पिन पिळून काढली आणि प्लग परत खोचला. हम साफ गेला. दादांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझं आयटीआयचं सर्टिफिकेट भिंतीवरून आपोआप खाली पडावं.

आणि मी गप्प बसलो. इलेक्ट्रिशियन असून. हे मला आजही लागतं.

आता पुढचं नीट वाचा, तुमच्या मित्राला सांगायचं आहे. पिन काढलेला अँप त्या वेळी बिनअर्थचा नव्हता. त्याला अर्थ मिळत होती, पण माझ्या गिटारच्या केबलच्या जाळीतून, डब्यातून, उजव्या अँपमार्गे. म्हणून पूर्वार्धात काहीच झालं नाही. ‘आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो, काही होत नाही’ म्हणणाऱ्या सगळ्यांचं काही न होण्याचं कारण हेच. मध्यंतरात निवेदकाला उभं राहायला जागा हवी म्हणून कुणीतरी उजवा अँप मागे ढकलला आणि त्याची केबल निघाली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मध्यंतरानंतर मी डाव्यावर वाजवत होतो. पण त्या क्षणापासून डावा अँप, डबा, गिटारच्या तारा आणि मी, यांतल्या कुणालाच अर्थ नव्हती. दुसऱ्या गाण्यात कोरससाठी मी माइकपाशी गेलो. माइक साउंडवाल्याच्या मिक्सरला, मिक्सर चोख अर्थला. ओठ माइकच्या जाळीला टेकला.

मी मागे ऑक्टोपॅडवर (इलेक्ट्रॉनिक ड्रमवर) पडलो. पडताना ‘टिश्श’ असा आवाज आला आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

दादांचा निकाल त्याच रात्री लागला: "पितळेचा डबा! करंट मारणार नाही तर काय?" हे वाक्य त्यांनी पुढे किती लग्नांत, किती पंगतींत सांगितलं याची मोजदाद नाही. ‘आमच्या गिटारवाल्याने पानाच्या डब्यातून स्वतःला शॉक दिला.’ लोक हसायचे. मीही हसायचो, कारण पाकीट त्यांच्याकडून मिळायचं.

पण तो अँप मी दुसऱ्याच आठवड्यात दुरुस्तीच्या निमित्ताने कारखान्यात नेला आणि मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावला. मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीपासून (विजेकडच्या गुंडाळीपासून) चासीपर्यंत जिथे कित्येक मेगओहम दिसायला हवेत, तिथे जेमतेम ५० किलोओहम. इन्सुलेशनने ओल धरली होती. २३० व्होल्टला ५० किलोओहम म्हणजे साडेचार मिलीअँपिअरच्या वर. अर्थची पिन जागेवर असती तर हा करंट निमूटपणे तिच्यातून गेला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता. पिनेचं कामच ते आहे. प्लगमधली ती पिन बाकी दोघींपेक्षा जाड आणि लांब केलेली असते ती शोभेला नव्हे. आत जाताना ती आधी लागते, बाहेर येताना शेवटी सुटते.

मी साडेचारवर वाचलो. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीत स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी बिनअर्थच्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. सगळी गिटारवाले मंडळी हे नाव ऐकून असतात आणि तरीही पिना काढतात.

तर, हमचं खरं औषध: दोन्ही अँप एकाच बोर्डावर घ्या. निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर दोनपैकी एका आउटपुटवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. त्याच्या दोन गुंडाळ्यांमध्ये तारेचा संबंध नसतो, सिग्नल चुंबकत्वाने पलीकडे जातो आणि जाळीचा गोल तुटतो. अँपच्या अर्थला हात लावावा लागत नाही. मी पुढे काही वर्षांनी जुन्या बाजारात पडलेल्या डायल-अप मोडेममधला ६०० ओहमचा ट्रान्सफॉर्मर काढून त्याच पानडब्यात बसवला. गिटार थेट त्याला जोडली तर बेस मरतो, म्हणून आधी टीएल०७२ या चिपचा बफर (गिटारवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं सर्किट), नऊ व्होल्टच्या बॅटरीवर. त्या बाजूचा जॅक प्लॅस्टिक बॉडीचाच हवा, नाहीतर डब्याच्या धातूतून गोल परत जुळतो आणि सगळी मेहनत वाया. मी पहिल्यांदा नेमकं हेच केलं आणि एक रविवार डोकं धरून बसलो. दुसरी चूक म्हणजे डबा अँपच्या डोक्यावर ठेवला. पितळ चुंबकीय हम अडवत नाही, खालच्या मेन्स ट्रान्सफॉर्मरची घूं सरळ आतल्या ट्रान्सफॉर्मरने पकडली. खाली जमिनीवर ठेवल्यावर शांत.

हे करायच्या आधी हम नक्की कशाचा आहे ते तपासा. डब्यातून एका अँपची केबल काढा. हम गेला तर लूप, राहिला तर डब्याचा दोष नाही. सिंगल कॉइल पिकअप (तारांखालचं एका गुंडाळीचं चुंबक) स्वतःच भुणभुणतो. गिटार हातात धरून गोल फिरलात आणि हम कमी-जास्त झाला तर तो पिकअपचा, त्याला माझ्याकडे औषध नाही.

विकत घ्यायचा तर: रेडियलच्या बिगशॉट एबीवायमध्ये ट्रान्सफॉर्मर आणि फेज उलटायचा स्विच दोन्ही असतात. बॉसचा एलएस-२ चांगला आहे, दोन्ही बाजूंचे लेव्हल वेगवेगळे लावता येतात, पण त्यात ट्रान्सफॉर्मर नाही, म्हणजे लूप असेल तर तो तसाच. फेजचा स्विच कशाला, तर दोन्ही अँप एकदम वाजवायचे असतील तेव्हा. काही अँप सिग्नल उलटा करून देतात. मग एक स्पीकर पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि आवाज कागदी होतो. डबा घरी बांधलेला असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या दोन तारा अदलाबदल करा, झालं. दोन्ही एकदम जोडले की पिकअपवरचा भारही वाढतो (एक मेगओहमची दोन इनपुट समांतर म्हणजे अर्धा मेगओहम), ट्रेबल किंचित कमी होते. लांब केबलने त्याहून जास्त जाते, तेव्हा त्याचा बाऊ करू नका.

एक राहिलंच, आणि ते आधी सांगायला हवं होतं: हा बॉक्स गिटार आणि अँपच्या इनपुटच्या मध्ये. अँप आणि स्पीकरच्या मध्ये कधीही नाही. विशेषतः ट्यूब अँप असेल तर स्विच बदलताना क्षणभर स्पीकर सुटला तरी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

दुसरं, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावला की सुरक्षित, असं कुणी सांगेल. लावाच. पण माझ्या साडेचारला तो पडला नसता. आणि ट्रान्सफॉर्मरवाला बॉक्स वापरून वर पिनही काढलीत तर जाळीतून मिळणारी चोरटी अर्थसुद्धा राहत नाही. दोन्ही एकत्र कधीच नको.

तिसरं, दादांच्या बाजूने. पहिल्या डब्यात ट्रान्सफॉर्मर नव्हता, म्हणजे हम माझ्या डब्याने आणला हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मान्य. शॉक डब्याने दिला नाही.

दादांचा पुतण्या इथे उत्तरं वाचतो असं ऐकलंय. त्याने हे दादांना वाचून दाखवावं. मेगरचा आकडा दोनदा.