ठाणे स्टेशनवर पहिल्या रेल्वेची काही खूण बघायला मिळते का? आणि वयस्कर आईवडिलांना घेऊन रात्रीची कोकणकन्या तिथून पकडणं जमेल का?

मी कोपरीतला, म्हणजे ठाणे पूर्व, आणि गेली वीसेक वर्षं रोज हेच स्टेशन तुडवतोय, त्यामुळे दोन्ही प्रश्नांचं सांगू शकतो.

आधी पहिला. जुनी दगडी इमारत, कमानी, मोठं घड्याळ असलं काही डोक्यात घेऊन याल तर हिरमोड होईल. तसलं सगळं सीएसएमटीला आहे, आणि गंमत म्हणजे पहिल्या गाडीशी त्या इमारतीचा काही संबंध नाही. गाडी सुटली 16 एप्रिल 1853 ला दुपारी साडेतीनच्या सुमाराला, बोरीबंदरहून, म्हणजे तिथल्या आधीच्या जुन्या स्टेशनहून, आणि आजची ती इमारत उभी राहिली 1888 च्या आसपास. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, 21 तोफांची सलामी, पुढे साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. ज्यांनी रेल्वे यावी म्हणून आधीपासून खटपट केली ते नाना शंकरशेट पण त्या गाडीत होते. 34 किलोमीटर अंतर तास-सव्वा तासात कापलं आणि इथे ठाण्यात तंबू ठोकून पाहुण्यांच्या खाण्यापिण्याची सोय केली होती. आज स्लो लोकलला सीएसएमटी ते ठाणे तासाच्या आसपासच लागतो, आता यावर हसायचं का रडायचं ते तुम्ही ठरवा. (कोणीतरी लिहिणारच म्हणून आधीच सांगतो, मद्रास आणि रुरकीला त्याआधी रूळ होते पण ते दगडमाती वाहायला, प्रवाशांची पहिली गाडी आपलीच.)

आणि खूण म्हणाल तर माझ्या मते ती एकच, स्टेशनची अडचण. हे शेवटचं स्टेशन म्हणून बांधलं होतं, एका छोट्या तलावांच्या गावासाठी. वर्षभरात, 1854 ला, खाडीवर पूल होऊन गाडी कल्याणला पोचली आणि ठाणे मधलं स्टेशन झालं. मग एका बाजूला नौपाडा, जांभळी नाका, दुसऱ्या बाजूला कोपरी असं दोन्हीकडून गाव अंगावर आलं आणि स्टेशनला पसरायला जागाच उरली नाही, म्हणून जे काही झालं ते एकाला एक चिकटवत झालं. प्लॅटफॉर्म एक पश्चिमेला, तिथून मोजत मोजत पूर्वेला दहा, आणि दहा पण पुरेना म्हणून 10ए. हे शेवटचे 9, 10, 10ए ट्रान्स हार्बरचे, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लोकलचे, ती लाइन 2004 ला सुरू झाली, ऐरोली-घणसोली-तुर्भे करत एक फाटा वाशीला आणि एक नेरूळ-पनवेलला. सकाळी ऐरोली, रबाळेच्या कंपन्यांतली पोरं कल्याणकडून फास्टने येतात आणि पूल चढून तिकडे धावतात, नवी मुंबईतून येणारे उलटे, आणि ते दोन लोंढे पुलावर समोरासमोर भेटतात. तो सीन एकदा बघाच, लांबून. 2024 च्या मे अखेरीला प्लॅटफॉर्म पाच दोन-तीन मीटर रुंद करायला 63 तासांचा ब्लॉक घेतला होता, म्हणजे कामासाठी तिथली वाहतूक बंद, लोकल शेकड्यानं रद्द. दोन-तीन मीटर! पण खरं सांगतो, फरक पडला, आता पाचवर निदान पाय ठेवायला जागा असते.

आता आईवडिलांचं. जमेल, आरामात जमेल, फक्त पश्चिमेला येऊ नका. सगळे पश्चिमेलाच येतात कारण गुगलवर ठाणे स्टेशन टाकलं की तेच, आणि मग सॅटिस नावाचा स्टेशनबाहेरचा जो पूल आहे त्याच्याखाली रिक्षांच्या गर्दीत सामानासकट अडकतात (वरचा डेक टीएमटीच्या, म्हणजे ठाणे पालिकेच्या बससाठी). मेल-एक्स्प्रेस बहुतेक करून प्लॅटफॉर्म 7-8 ला लागतात, म्हणजे कोपरीच्या बाजूने तुम्हाला जवळ. रिक्षावाल्याला ठाणे ईस्ट, कोपरी साइड असं स्पष्ट सांगा. जिना टाळायला लिफ्ट आणि सरकते जिने आहेत पण सगळ्या पुलांना नाहीत, आणि लिफ्ट बंद असायची शक्यता धरूनच चला, म्हणून अर्धा-पाऊण तास आधी या. प्लॅटफॉर्म नंबर मात्र माझ्या भरवशावर धरू नका, इंडिकेटर बघा आणि अनाउन्समेंट ऐका, ऐन वेळी बदलतो.

गाडी थांबते दोन-तीन मिनिटंच, आणि सगळ्यात मोठी चूक इथे होते. मी स्वतः केलीये. गणपतीला आईला घेऊन कुडाळला निघालो होतो, आमचा डबा पार पुढे आणि आम्ही बाकडं मिळालं म्हणून मागच्या टोकाला निवांत बसलेलो. डब्यांचे नंबर लागतात तिकडे बघितलंच नाही. मग गाडी आल्यावर आईचा हात धरून पळापळ, शेवटी दिसेल त्या दारातून आत घुसलो आणि आतल्या आत सहा डबे पार केले, लोक झोपलेले, आई कणकवली येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तेव्हा आधी डब्याची जागा शोधा, मग बाकडं. सामान जास्त असेल तर हमाल करा, पैसे आधी ठरवून.

खाण्याचं म्हणाल तर घरून डबा आणा. पश्चिमेला कुंजविहारचा वडापाव आहे, मोठा असतो, पण तेवढ्यासाठी म्हाताऱ्या माणसांना पूल चढउतार करायला लावू नका, तुम्ही एकटे जाऊन पार्सल आणा.