सशाला दरमहा पिसवांचे औषध हवे का?

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरात दोन वर्षांचा ससा आणि एक मांजर आहे. मांजर सोसायटीच्या आवारात फिरून येते, ससा मात्र घराबाहेर पडत नाही. मांजराच्या मानेवर आम्ही दर महिन्याला पिसवांच्या औषधाचे थेंब टाकतो. त्यातलेच अर्धे थेंब पावसाळाभर सशालाही टाकावेत, असे दुकानदाराने सुचवले. सशाला असे नियमित औषध खरोखर लागते का?

उत्तर : पुढे वाचण्यापूर्वी एक विनंती आहे. मांजराच्या औषधाचे खोके काढा आणि त्यावरील घटकांची नावे वाचा. त्यात फिप्रोनिल असेल, तर त्याचा एक थेंबही सशाला लावू नका. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांवर सर्रास वापरले जाणारे हे औषध सशाच्या मज्जासंस्थेवर घातक परिणाम करते. ससा खाणे सोडतो, मलूल होतो, त्याला झटके येतात आणि अनेकदा तो दगावतो. ही लक्षणे थेंब टाकल्यावर लगेच दिसतीलच असे नाही, कधीकधी मध्ये काही दिवस जातात आणि तोवर औषधाचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही. यावर उतारा नाही. चुकून थेंब टाकले गेलेच असतील, तर तेवढाच भाग कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन, ससा पूर्ण कोरडा करून, उबेत ठेवून ताबडतोब पशुवैद्यांकडे न्यावा.

‘अर्धे थेंब’ या सल्ल्यातली खोटही इथेच आहे. ससा म्हणजे लहान मांजर नव्हे. त्याचे शरीर औषधे वेगळ्या रीतीने पचवते आणि बाहेर टाकते, त्यामुळे मांजराच्या मात्रेला दोनाने भागून सशाची मात्रा निघत नाही. सशाला चालणारी औषधे आहेत. इमिडाक्लोप्रिड, सेलामेक्टिन आणि आयव्हरमेक्टिन यांचा उपयोग पशुवैद्य करतात, पण ससा तपासून, त्याचे वजन करून आणि नेमका कोणता जीव त्याला त्रास देतो आहे हे पाहून.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. घरातच राहणाऱ्या निरोगी सशाला दरमहा औषधाची गरज नसते. परदेशी माहिती वाचून अनेकांचा गोंधळ होतो, म्हणून सांगतो. ब्रिटनमध्ये आणि युरोपात रानसशांवर खास सशांची पिसू असते आणि ती मिक्सोमॅटोसिस हा जीवघेणा रोग पसरवते, म्हणून तेथे पिसवांच्या बंदोबस्ताला वेगळे महत्त्व आहे. आपल्याकडे घरातल्या सशावर पिसू सापडली, तर ती बहुधा मांजराची असते. तुमच्या सशाचे खरे संरक्षण त्यामुळे मांजरावरच्या उपचारात आहे. मांजराचा उपचार चुकवू नका, आणि तिच्या मानेवर थेंब टाकल्यावर जागा पूर्ण वाळेपर्यंत तिला सशापासून दूर ठेवा, कारण दोघे एकमेकांना चाटत असतील तर औषध सशाच्या पोटात जाईल. पिसवांची अंडी प्राण्याच्या अंगावरून गळून सोफ्याच्या फटीत, सतरंजीत आणि अंथरुणात पडतात व पिल्ले तेथेच वाढतात, म्हणून झाडझूड आणि गरम पाण्याची धुलाई हाही उपचाराचाच भाग आहे. घरात कीटकनाशकाची फवारणी करून घेणार असाल, तर ससा आधी दुसऱ्या घरी हलवा आणि फरशी वाळून घरात मोकळी हवा खेळल्यावरच परत आणा.

औषधाऐवजी करायचे काय, तर आठवड्यातून एकदा दहा मिनिटे काढायची. सशाला जमिनीवर, काळ्या कापडावर बसवा. बारीक दातांच्या फणीने मानेपासून शेपटीकडे लव उलगडत जा. दोन खांद्यांच्या मधली जागा आणि शेपटीच्या वरचा भाग सावकाश पाहा, कारण तेथे सशाची जीभ नीट पोहोचत नाही. पांढरा कोंडा कापडावर पडला, तर श्वास रोखून त्याकडे पाहत राहा. त्यातला एखादा कण आपणहून सरकताना दिसला, तर तो कोंडा नसून लवेत राहणारा माइट, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारा परजीवी जीव आहे. काळे बारीक कण पडले, तर ते ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. कापसावर तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त आहे. मग कानांत डोकवा. कानातल्या माइटमुळे आत तपकिरी खपल्यांचे थर साचतात, अगदी मक्याच्या पोह्यांसारखे, आणि ससा डोके झटकतो व मागच्या पायाने कान खाजवतो. या खपल्या ओढून काढू नका. त्यांच्याखाली कातडी सोललेली असते आणि वेदना असह्य असतात. उपचार सुरू झाला की त्या आपोआप सुटतात. नाकाच्या कडेला, ओठांवर किंवा पंजांवर जाड खपली धरली असेल, तर ती खरूज आहे आणि ती माणसालाही लागते.

लवेतले माइट थोड्या संख्येने धडधाकट सशाच्याही अंगावर असू शकतात, ससा स्वतःला चाटूनपुसून त्यांना आटोक्यात ठेवतो. ते अचानक वाढले, तर ससा अंग का साफ करू शकत नाही हे मी आधी शोधतो. बहुतेक वेळा दात वाढलेले असतात, वजन वाढलेले असते किंवा सांधे दुखत असतात. नुसते औषध देऊन पाठवले, तर तोच ससा दोन महिन्यांनी पुन्हा येतो.

पावसाळ्याची तुमची काळजी रास्त आहे, परंतु त्या दिवसांत मला पिसवांपेक्षा माश्यांची अधिक भीती वाटते. बिस्कीट, पोळी, गाजर असे गोडधोड आणि पिठूळ खाणे जास्त झाले, की सशाच्या मऊ लेंड्या शेपटीखाली चिकटतात. त्या ओल्या लवेवर माशी अंडी घालते, एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर येतात आणि त्या जिवंत कातडी खाऊ लागतात. सकाळी खेळणारा ससा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मरणपंथाला लागलेला मी पाहिला आहे. म्हणून जून ते सप्टेंबर दिवसातून दोनदा शेपटीखाली पाहा, खिडक्यांना जाळी लावा, आणि आहारात सुके गवत मुख्य ठेवा. मागचा भाग घाण झाला असेल तर तेवढाच पुसून कोरडा करा. सशाला पूर्ण अंघोळ घालू नका, भीतीने आणि गारठ्याने त्याच्या जिवावर बेतू शकते.

प्रश्न : आमच्या सशाच्या पाठीवर कोंडा आहे आणि त्याला रोज मांडीवर घेणाऱ्या सासूबाईंच्या हातांवर खाज सुटणारे लाल पुरळ आले आहे. घरातले ससा देऊन टाका म्हणतात. काय करावे? (नेरूळ, नवी मुंबई)

उत्तर : ससा देऊ नका, आणि कुठल्या बागेत सोडण्याचा विचार तर मनातही आणू नका. पाळीव ससा बाहेर तग धरत नाही. वर्णनावरून हा लवेतला माइट वाटतो. तो माणसाला चावतो, पण माणसाच्या अंगावर वस्ती करत नाही, त्यामुळे ससा बरा झाला की पुरळही ओसरते. सासूबाईंनी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवताना घरात ससा असल्याचे जरूर सांगावे. उपचार एकदा करून भागत नाही, साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने तो पुन्हा करावा लागतो, आणि घरात दुसरे ससे असतील तर त्यांनाही तो द्यावा लागतो. हे माइट सशाबाहेरही काही दिवस जगतात, म्हणून पिंजऱ्यातले गवत टाकून द्या, अंथरूण गरम पाण्यात धुवा आणि तोवर मांडीवर टॉवेल घेऊनच त्याला जवळ घ्या. पशुवैद्यांकडे जाताना पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा कोंड्यावर हलकेच दाबून, काचेच्या पट्टीवर किंवा स्वच्छ प्लॅस्टिकवर चिकटवून न्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान तेथल्या तेथे होऊ शकते. ससे तपासण्याचा अनुभव आहे का, हे मात्र दवाखान्यात फोन करून आधी विचारा.