टोळीचा खेळ मांडताना

नौपाडा, ठाणे

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. तुझे पत्र पोहोचले. तू चालवतोस त्या रोल-प्लेइंग खेळात, जिथे प्रत्येक जण एका पात्राच्या भूमिकेत शिरून फाशांच्या मदतीने गोष्ट पुढे नेतो, नेरुळच्या तुझ्या पाच मित्रांनी या वेळी राजपुत्र आणि योद्धे बाजूला ठेवून चोर, खंडणीखोर आणि एक भाडोत्री मारेकरी अशी पात्रे घेतली, आणि दुसऱ्याच सेशनला, म्हणजे खेळाच्या बैठकीला, त्यांतले दोघे एकमेकांच्या जिवावर उठले, हे वाचून मला नवल वाटले नाही. कॅम्पेन, म्हणजे सेशनमागून सेशन चालणारी ही गोष्ट, बंद करावी का, असे तू विचारले आहेस. करू नकोस, मात्र येता रविवार फासे बाहेर न काढता नुसत्या बोलण्यासाठी राखून ठेव.

नायकांच्या गटाला राज्य वाचवायचे असते, त्यामुळे ते एकत्र का आहेत हे कोणी विचारत नाही. दुष्टांना एकत्र राहण्याचे कारण मात्र आपण द्यायचे विसरतो, आणि मग ‘माझे पात्र असेच वागेल’ या वाक्याच्या आडून जो तो शेजाऱ्याचा खिसा कापू लागतो. म्हणून प्रत्येकाला विचार, की टेबलाभोवतीच्या कोणाला तुझे पात्र कधीच दगा देणार नाही, आणि का? थातूरमातूर उत्तर घेऊ नकोस. ‘आई आजारी असताना याने पैसे दिले होते’ हे उत्तर चांगले, कारण त्यातून उद्या एखादा प्रसंग उभा राहील. ‘आम्ही जुने मित्र आहोत’ यातून काहीच निघत नाही. शिवाय सगळ्यांचे मिळून असे काहीतरी असू दे, जे हातचे जाईल या धास्तीने त्यांची झोप उडेल: खाडीकाठचे एखादे गोदाम, एखादी खाणावळ, मागे राहिलेली धाकटी भावंडे.

दुसरी गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकलो, म्हणून सविस्तर सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या घरी अशीच एक टोळी खेळत होती. एका सावकाराच्या मुलाला पळवून नेण्याचा प्रसंग आला आणि मी तो रंगवून रंगवून सांगू लागलो. मुलाचे रडणे, बांधलेले हात, सगळे. पितळी ताटलीत फासे खणखणत होते, चौघे पुढे सरसावून ऐकत होते. पाचवीने तिचे फासे एकेक करून थैलीत भरले, थैलीची नाडी आवळली आणि शेवटची गाडी चुकेल असे सांगून ती उठली. घड्याळात तेव्हा साडेआठ वाजले होते. ती परत आली नाही, आणि का ते विचारण्याचे धैर्य मला पुष्कळ उशिरा झाले.

तेव्हापासून मी पहिल्या दिवशीच दोन याद्या करतो. एकीत जे आपल्या खेळात मुळीच घडणार नाही ते. दुसरीत जे घडेल, पण ज्यावर पडदा पडेल आणि आपण थेट दुसऱ्या दिवशीच्या सकाळी पोहोचू ते. टेबलाच्या मधोमध फुली मारलेले एक कार्डही ठेव. ही रीत जॉन स्टाव्रोपोलस यांनी २०१३ च्या सुमारास रूढ केली: कार्डाला कोणीही बोट लावले की तो मजकूर तिथेच सोडायचा, कारण विचारायचे नाही. गुन्हेगारांच्या खेळात ते पहिल्यांदा तूच वापर, म्हणजे इतरांचा संकोच जाईल.

आता परिणामांविषयी. २०१७ साली आलेल्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ या खेळात प्रत्येक कामगिरीनंतर टोळीवरची नजर वाढत जाते, आणि अंगावर चढलेली ही बदनामी उतरवायची तर टोळीतल्या कोणीतरी तुरुंगात जाऊन बसावे लागते. हा नियम मला फार आवडतो, कारण त्यात गेम मास्टर, म्हणजे तुझ्यासारखा खेळ चालवणारा, शिक्षा देत नाही. आत कोणी जायचे हे टोळीच ठरवते. अशा प्रसंगासाठी तुला लांब जायला नको. आपल्या ठाण्याच्या किल्ल्यात, जिथे आजही कारागृह आहे, पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाच्या आरोपावरून कैदेत होते. पहारा गोऱ्या सैनिकांचा. खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता एक मोतद्दार मराठीत गाणे म्हणे, त्या गाण्यातच पळून जाण्याचा बेत असे, आणि पहारेकऱ्यांना त्यातले अक्षरही कळत नसे, अशी हकिकत सांगतात. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले. त्यांना गुन्हेगार म्हणावे की नाही हा वाद वेगळा. तू पुढचे पाहा. इंग्रजांनी ती सुटका पेशव्यांच्या माथी मारली आणि जून १८१७ मध्ये पुण्याचा जाचक तह त्यांच्या गळ्यात बांधला. त्रिंबकजी १८१८ साली पुन्हा पकडले गेले आणि पुढचे आयुष्य चुनारच्या किल्ल्यात कैदेत राहिले. एक सफाईदार पलायन, आणि त्याची किंमत धन्याने मुलूख देऊन मोजली. तुझ्या टोळीची कामगिरी फत्ते होऊ दे, अगदी दिमाखात होऊ दे, पण तिचे बिल कोणाच्या दारात जाते हे चार सेशननंतर दाखव.

टोळीसमोर तिच्याहूनही क्रूर शत्रू उभा करावा, असा सल्ला तुला बरेच जण देतील. मला तो पटत नाही. त्याने तुझे खेळाडू मागच्या दाराने पुन्हा नायक होतात, आणि त्यांनी निवडलेला अवघड प्रश्न हातातून निसटतो. त्याऐवजी समोर एक प्रामाणिक हवालदार आण, ज्याला घरी लवकर जायचे आहे. लुटलेल्या दुकानदाराला नाव दे, आणि दोन महिन्यांनी तोच माणूस त्यांना दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करताना दिसू दे.

दगाबाजी हवीच असेल तर ती पात्रांपासून लपव, खेळाडूंपासून नको. एकेकाला गुपचूप चिठ्ठ्या देणे बंद कर. ज्याच्यावर वार होणार आहे त्याला आधी विचार. तो ‘हो’ म्हणाला तर स्वतःच्या पाडावाचा प्रसंग तुझ्याहून चांगला रचेल.

आणि शेवट आधीच ठरवून ठेव. आठ-दहा सेशन पुरेत.

शनिवारी संध्याकाळी इकडे ये. माझ्या जुन्या याद्या आणि किल्ल्यातल्या त्या कोठडीचा मी कल्पनेने काढलेला नकाशा काढून ठेवतो. रविवारी दोन्ही टेबलावर मांड, आणि खिडकीखाली गाणे कोण म्हणणार ते मुलांना ठरवू दे.

तुझा,
काका