रद्दीवाल्याला बोलावण्याआधी दाखल नोंदवही उघडा

ताई, आपली अडचण वाचली आणि २०११ सालचा आमच्या वाचनालयातला पावसाळा पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहिला, म्हणून सविस्तर लिहितो आहे. आपण लिहिले आहे की, वाळवा तालुक्यातील आपले वाचनालय सरकारी अनुदान ज्यावर ठरते त्या वर्गवारीत ‘ब’ वर्गाचे आहे, ग्रामपंचायतीने दिलेली १५ बाय २० फुटांची एकच खोली आहे, दाखल नोंदवहीत, म्हणजे प्रत्येक ग्रंथ क्रमांक देऊन चढवतात त्या वहीत, सुमारे ५,४०० ग्रंथ आहेत, त्यांतले सातआठशे पोत्यांत भरून कोपऱ्यात ठेवले आहेत आणि येत्या रविवारच्या सभेत ती पोती रद्दीत देऊन जागा मोकळी करावी, असे कार्यकारी मंडळाच्या मनात आहे. आपण विचारले आहे ते जागेबद्दल. मला मात्र त्या सातआठशे पुस्तकांची अधिक काळजी वाटते, कारण नेमकी हीच गोष्ट आम्ही केली होती.

कोरेगाव तालुक्यातील एका गावच्या वाचनालयाचा मी एकोणीस वर्षे कार्यवाह होतो. आम्हीही ‘ब’ वर्गात होतो. दाखल नोंदवहीत ५,६१२ ग्रंथ होते आणि खोली आपल्यापेक्षाही लहान होती. पाने सुटलेली, वाळवी लागलेली, तीस वर्षांत कोणीही न नेलेली पुस्तके वेगळी काढली तेव्हा ती ७४० भरली. ती बाद करण्याची रीत काय, हे विचारण्यासाठी मी एसटीने तीन वेळा एका कार्यालयात गेलो. त्या कार्यालयाचे नाव मी येथे घेणार नाही. पहिल्या वेळी संबंधित कर्मचारी रजेवर होते, दुसऱ्या वेळी अर्ज ठेवून जायला सांगितले आणि तिसऱ्या वेळी मला तोंडी उत्तर मिळाले की, जीर्ण पुस्तके काढून टाकायला काही हरकत नसते, त्यासाठी वेगळ्या कागदाची गरज नाही. मी त्या शब्दावर विश्वास ठेवला आणि घरी आलो. माझ्या अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेण्याचेही मला सुचले नाही. ही चूक त्या कर्मचाऱ्याची नव्हती, ती पूर्णपणे माझी होती.

पुस्तके वजनावर गेली. २२२ किलो भरली, आठ रुपये किलोच्या भावाने १,७७६ रुपये मिळाले आणि ते किर्दीत नीट जमाही केले. सभेचा ठराव नाही, दाखल क्रमांकांची यादी नाही, नोंदवहीत त्या क्रमांकांपुढे ‘बाद’ असा शेरा नाही, असे सगळे अर्धवट राहिले. पुढच्याच वर्षी, मे २०१२ मध्ये, राज्यभरातल्या सार्वजनिक ग्रंथालयांची महसूल विभागामार्फत विशेष पडताळणी झाली. पथकाने आमच्याकडे पुस्तके मोजली, सभासदांकडे गेलेलीही धरली, तेव्हा आकडा ४,८७२ आला. ‘ब’ वर्गासाठी किमान ५,००१ ग्रंथ लागतात. आम्ही १२९ पुस्तकांनी कमी पडलो. त्यातही नोंदवही ५,६१२ सांगत होती, त्यामुळे आम्ही संख्या फुगवून अनुदान घेतो असा समज झाला, आणि तो समज दूर करायला माझ्या हातात एकही कागद नव्हता. मी त्या तोंडी सल्ल्याचा उल्लेख केला. साहजिकच तो कोणी ग्राह्य धरला नाही.

आमचा वर्ग ‘क’ झाला. त्या सुमारास तालुक्याच्या ठिकाणाबाहेरच्या गावांतल्या, म्हणजे ‘इतर’ गटातल्या ‘ब’ वर्गाचे वार्षिक अनुदान १,९२,००० रुपये होते आणि ‘क’ वर्गाचे ९६,०००. एका वर्षात पुन्हा वर चढू, अशी आमची समजूत होती, परंतु त्या पडताळणीनंतर नव्या मान्यता आणि वर्गबदल बरीच वर्षे थांबलेले राहिले. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तोपर्यंतच्या दहा वर्षांत आमचे ९,६०,००० रुपये बुडाले. उणी पडलेली १२९ पुस्तके त्या वेळच्या किमतीने वीस हजारांच्या आत विकत घेता आली असती. आमच्या ग्रंथपाल बाईंनी त्या दहा वर्षांत निम्म्या पगारावर वाचनालय उघडे ठेवले, आणि मला आजही त्यांच्यासमोर बसताना अवघडल्यासारखे होते.

आता आपला हिशेब पाहा. ५,४०० मधून ८०० गेले की ४,६०० उरतात, म्हणजे आपण आमच्यापेक्षाही खाली जाल. त्यामुळे माझे स्पष्ट मत असे आहे की, नव्या खरेदीची नोंद झाल्याशिवाय एकही जुने पुस्तक बाद करू नये, आणि एका वर्षात किमान संख्येच्या वर जेवढी शिल्लक असेल तिच्या निम्म्याहून अधिक पुस्तके काढू नयेत. ही माझी स्वतःची सावधगिरी आहे, नियमातले वाक्य नव्हे. नियम १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखालचे आणि १९७० च्या नियमावलीतले आहेत, त्यांत शासन निर्णयांनी वेळोवेळी बदल झालेले आहेत, आणि मी आता पदावर नाही, तेव्हा माझ्या म्हणण्याची खात्री करून घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका. खात्री मात्र लेखी करून घ्या. अर्ज दोन प्रतींत द्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या, आणि महिनाभरात उत्तर आले नाही तर त्याच आवक क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र द्या. उत्तर आले नाही तरी आपण विचारले होते, एवढे तरी कागदावर राहते.

निर्लेखनाची, म्हणजे रीतसर बाद करायच्या ग्रंथांची, यादी करताना दाखल क्रमांक, ग्रंथनाम, लेखक, किंमत, दाखल झाल्याचे वर्ष आणि बाद करण्याचे कारण एवढे रकाने पुरतात. कारणाच्या रकान्यात सरसकट ‘जीर्ण’ असे लिहू नये. ‘पृष्ठे ४१ ते ५६ नाहीत’, ‘वाळवीने पुठ्ठा व शेवटची पाने खाल्ली’, ‘दुसरी प्रत चांगल्या स्थितीत आहे’ असे लिहिले की तपासणाऱ्याला यादी माणसाने पुस्तके हातात घेऊन केली आहे, हे कळते. त्यानंतर ठराव, मंजुरी, किमान दोनतीन रद्दीवाल्यांचे दर, बँकेत भरणा, आणि शेवटी प्रत्येक क्रमांकापुढे ठराव क्रमांक व तारखेसह लाल शाईने शेरा. आठशे पुस्तकांचे हे काम दोन माणसांना सुट्टीचे पाचसहा दिवस लागेल. यादी करताना एखाद्या जाणत्या वाचकाला सोबत घ्या, कारण आमच्या त्या २२२ किलोंत गावातल्याच एका शिक्षकांनी स्वखर्चाने छापलेली, आसपासच्या गावांच्या माहितीची पुस्तिका होती, आणि तिची दुसरी प्रत मला आजवर मिळालेली नाही.

आता जागेकडे वळतो, कारण आपला मूळ प्रश्न तोच होता. माझ्या अंदाजाने ५,४०० पुस्तके आपल्या खोलीत मावतात, पण ती कपाटांत न ठेवता उघड्या रॅकवर ठेवायला हवीत. मराठी पुस्तके बहुतांशी डेमी आकाराची, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांची असतात. त्यांना नऊ इंच खोलीचा रॅक भरपूर होतो. बाजारात मिळणारे रॅक सहसा फूट-सव्वा फूट खोल असतात, मग त्यांत पुस्तकांच्या दोन ओळी लागतात, आणि मागच्या ओळीतले पुस्तक वाचकाच्या दृष्टीने नसल्यातच जमा होते. स्थानिक फॅब्रिकेशनवाल्याकडून तीन फूट रुंद, नऊ इंच खोल आणि सात खणांचे रॅक करून घ्या. फुटाला सरासरी बारा पुस्तके धरली तर एका रॅकवर २५० बसतात. आपल्या खोलीच्या चार भिंतींचे ७० फूट होतात. दार, खिडक्या आणि कोपरे सोडून ५४ फूट हाती लागले तर १८ रॅक म्हणजे ४,५०० पुस्तके, आणि मध्ये पाठीला पाठ लावून चार रॅक ठेवले तर आणखी हजार. सभासदांकडे नेहमी तीनचारशे पुस्तके फिरत असतात, ती वेगळीच. मात्र मधले मोठे टेबल काढावे लागेल आणि वृत्तपत्रांचे वाचन ओट्यावर किंवा पडवीत न्यावे लागेल. आमच्याकडे ज्येष्ठ वाचकांनी यावर सुरुवातीला नाराजी दाखवली, आणि ती रास्त होती. पत्र्याची पडवी घालून बाक ठेवल्यावर ती मिटली.

जागा खाणाऱ्या दोन गोष्टींवर मात्र आपण आजच ठाम राहू शकता. पहिली म्हणजे जुने दिवाळी अंक. ते दाखल नोंदवहीत चढवलेले नसतील तर त्यांना ग्रंथांचा नियम लावण्याचे कारण नाही. नवे अंक दिवाळी ते होळी वेगळ्या वर्गणीवर फिरवा, कारण छोट्या वाचनालयाच्या स्वतःच्या उत्पन्नाची ती सर्वांत खात्रीची बाजू आहे, आणि त्यानंतर ते सभासदांना निम्म्या किमतीत देऊन टाका. दुसरी गोष्ट म्हणजे देणग्या. कोणाचे आजोबा वारले की घरचे लोक गाठोडे आणून ठेवतात, आणि त्यात निम्मी शालेय मार्गदर्शके असतात. अशा वेळी ‘वाचनालयास उपयुक्त ग्रंथ दाखल करावेत व उर्वरित ग्रंथांचा योग्य विनियोग करावा’ असे एक ओळीचे पत्र देणगीदाराकडून घ्यावे. दाखल होण्यापूर्वी निवड करणे सोपे असते. एकदा क्रमांक पडला की तेच पुस्तक काढायला वर सांगितलेली सगळी प्रक्रिया करावी लागते.

संख्या भरून काढण्यासाठी चाळीस-पन्नास पानांच्या स्वस्त पुस्तकांचे गठ्ठे घेण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईल. कृपा करून तो मानू नका. ती पुस्तके कोणी वाचत नाही आणि पाच वर्षांनी पुन्हा हीच पोती भरतात. ग्रंथालयांना मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांतून ग्रंथांसाठी आणि साधनसामग्रीसाठी साहाय्य मिळू शकते. प्रस्तावाची कागदपत्रे कंटाळवाणी आहेत, तरीही रॅकसाठी तो मार्ग एकदा पाहावा.

आपले गाव कृष्णाकाठी असेल तर आणखी एक विनंती आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या नगर वाचनालयासह कितीतरी ग्रंथालयांत पाणी शिरले आणि हजारो ग्रंथ भिजून गेले. पुस्तके गेल्याचे दाखवायलाही दाखल नोंदवहीच लागते. तिच्या प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलवर काढून तो दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा आणि मूळ वही सर्वांत वरच्या खणात ठेवा.

रविवारच्या सभेपर्यंत यादी होणे शक्य नाही. त्या दिवशी पोती विकण्याचा विषय तहकूब ठेवून, ग्रंथपाल, एक कार्यकारी मंडळ सदस्य आणि एक वाचक अशी तिघांची निर्लेखन उपसमिती नेमण्याचा आणि मार्गदर्शनासाठी लेखी अर्ज करण्याचा, असे दोनच ठराव करून घ्या. तोवर पोती जमिनीवरून उचलून फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर अंतर सोडा आणि तोंडे उघडी ठेवा, म्हणजे आत ओल धरून चांगल्या पुस्तकांनाही बुरशी लागणार नाही.