काळी बॉडी की चंदेरी? कॅमेऱ्याच्या रंगाने काही फरक पडतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिला मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा) घ्यायचाय, मॉडेल ठरलंय, मनात चंदेरी बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, भरलीय, पण मित्र म्हणतात चंदेरी कॅमेरे हौशी लोकांचे, कामाची माणसं काळाच घेतात. वापर तुम्ही प्रवास, घरची माणसं आणि थोडी रस्त्यावरची फोटोग्राफी असा लिहिलाय.

चंदेरीच घ्या. आता कारणं सांगतो, कारण रंगाला काहीच अर्थ नसतो असंही नाही.

रंगाचं नेमकं काम काय, हे अपोलो ११ च्या कॅमेऱ्यांइतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. १९६९ च्या त्या मोहिमेत हॅसलब्लाड या कंपनीचे दोन वेगळ्या रंगांचे कॅमेरे चंद्रावर उतरले. बाहेर, चंद्राच्या पृष्ठभागावर वापरायच्या कॅमेऱ्याला चंदेरी फिनिश होतं. रणरणत्या उन्हातून काळ्याकुट्ट सावलीत गेल्यावर आतलं तापमान फार वरखाली होऊ नये म्हणून. यानाच्या आत बसून वापरायचा कॅमेरा मात्र काळा होता. त्याआधी १९६२ मध्ये अंतराळवीर वॉली शिरा यांनी अंतराळात नेलेल्या हॅसलब्लाडवरही मॅट काळा रंग चढवला होता, म्हणजे खिडकीच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडणार नाही. कंपनी एकच, आणि रंग ठरला तो कॅमेरा कुठे उभा राहणार यावरून. हौशी की व्यावसायिक हा मुद्दाच नव्हता.

जमिनीवरही रंगाची खरी कामं ही दोनच: ऊन आणि प्रतिबिंब.

उन्हाचं उदाहरण म्हणजे कॅननच्या मोठ्या टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या, लेन्स. त्या पांढरट असतात, आणि मैदानाच्या कडेला त्यांची रांग लागलेली आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली आहे. त्यातल्या अनेकींमध्ये फ्लोराइट या स्फटिकाची भिंगं असतात. फ्लोराइट तापल्यावर साध्या काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतं, म्हणून दिवसभर उन्हात राहणारी ती भलीमोठी नळी कमी तापावी यासाठी तिला फिका रंग. बॉडीच्या बाबतीत हा फरक स्थिर फोटोंपुरता नगण्य आहे. उन्हात तासन् तास व्हिडिओ करणाऱ्याला तो जाणवू शकतो, पण त्यानेही कॅमेऱ्यावर पांढरं कापड टाकावं. रंग बदलण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

प्रतिबिंबाचा अनुभव मला रोजचा आहे, कारण मी चकचकीत वस्तूंचे फोटो काढतो. स्टीलची किटली समोर ठेवली की तिच्या फुगीर पोटात अख्खी खोली दिसते आणि मधोमध कॅमेरा. काळी बॉडी काळ्या कार्डबोर्डमागे ठेवली, कार्डाला फक्त लेन्सपुरतं भोक पाडलं, की सगळा मिळून एक गडद पट्टा होतो आणि तो किटलीच्या आकाराला उठावच देतो. चंदेरी बॉडीची कड मात्र त्या कार्डाच्या फटीतूनही बारीक पांढऱ्या रेघेसारखी चमकते आणि ती रेघ नंतर हाताने पुसत बसावं लागतं. काळ्या बॉडीवरचं कंपनीचं पांढरं नावसुद्धा किटलीवर उलट्या अक्षरांत वाचता येतं. त्यावर मी काळी टेप लावतो. टेप लावणारे बरेच जण कंपनीचं नाव झाकतात ते अशा कामामुळे. तुम्ही मत्स्यालय, संग्रहालयातली काचेची कपाटं, आगगाडीची खिडकी यांतून बरेच फोटो काढणार असाल तर काळ्याचा थोडा फायदा होईल. पण लेन्सचा हूड (तिच्या तोंडावरची कड) काचेला टेकवला की तो प्रश्नही जवळपास मिटतो.

आता रस्त्यावरची फोटोग्राफी. इथे फ्रेंच छायाचित्रकार ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ यांचा दाखला हमखास दिला जातो: त्यांनी आपल्या लायका कॅमेऱ्याचे चमकणारे भाग काळ्या टेपने झाकले होते. खरं आहे. पण माणसं सावध होतात ती हालचालीने. कॅमेरा झटकन डोळ्याला लागला, लांबलचक लेन्स आपल्याकडे वळली, शटर खाडकन वाजलं, की मान वळते. लहान लेन्स लावलेल्या लहान बॉडीचा रंग लक्षात ठेवणारं कुणी मला भेटलेलं नाही. उलट जुन्या धाटणीचा चंदेरी कॅमेरा पाहून अनोळखी माणसं स्वतःहून विचारतात, याची फिल्म मिळते का अजून? तिथून बोलणं सुरू होतं आणि मग समोरचा निवांतपणे फोटो काढू देतो. मोठ्या काळ्या कॅमेऱ्यासमोर तोच माणूस 'कुठल्या पेपरात येणार?' असं विचारत अंग चोरतो.

तुमच्या मित्रांचा समज आला कुठून तेही सांगतो. फिल्मच्या जमान्यात क्रोम, म्हणजे चंदेरी मुलामा, हेच नेहमीचं फिनिश होतं. १९५९ चा निकॉन एफ क्रोम आणि काळा अशा दोन्ही रंगांत मिळे आणि व्यावसायिकांचा ओढा काळ्याकडे असे. डिजिटलमध्ये वरच्या श्रेणीच्या बॉडी सरसकट काळ्या झाल्या, आणि २००३ चा कॅनन ३००डी हा सामान्यांना परवडेल असा डीएसएलआर (आत आरसा असलेला डिजिटल कॅमेरा) चंदेरी रंगात आला. चंदेरी म्हणजे शिकाऊ हे समीकरण बहुधा तेव्हाच पक्कं झालं असावं. फोटोत यातलं काहीच उतरत नाही. पेंटॅक्सने २००९ मध्ये के-एक्स आणला तेव्हा जपानमध्ये त्याच्या शंभर रंगसंगती निवडता येत होत्या. लाल, गुलाबी, निळा काहीही घ्या, आत सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, तोच.

रंगापेक्षा फिनिश आणि त्याखालचा धातू, यावर मात्र नक्की वेळ घालवा. लायका एम११ बघा, २०२२ चा. काळ्याची टॉप प्लेट (बॉडीचं वरचं झाकण) अ‍ॅल्युमिनियमची, चंदेरीची पितळेची, त्यामुळे बॅटरीसकट काळा साधारण ५३० ग्रॅम आणि चंदेरी ६४० ग्रॅम भरतो. इथे रंग बदलला की मानेवरचं वजन बदलतं. पितळेवरचा काळा पेंट कोपऱ्यांवर घासून पिवळा धातू दिसायला लागला की रसिक खूश होतात. लायकाने २०१५ मध्ये अमेरिकन गायक लेनी क्रॅविट्झ यांच्यासोबत हाताने झिजवलेल्या १२५ कॅमेऱ्यांची आवृत्तीच काढली होती. मला स्वतःला ती झीज वापरातूनच आलेली आवडते. शिवाय आजच्या बहुतेक बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या असतात. मॅग्नेशियमवरचा काळा रंग उडाला की खाली फिकट राखाडी धातू दिसतो आणि चंदेरी रंगाखाली काळं प्लॅस्टिक असेल तर छोटा टवकाही उठून दिसतो. म्हणून ट्रायपॉडची प्लेट जिथे बसते ती खालची बाजू कशाची आहे ते आधी पाहा.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ग्रिपचं, म्हणजे हाताने धरायच्या भागाचं, रबर. काही मऊ रबरी लेप वर्षांनी चिकट होतात, बोटांना काळं लागतं. काही ग्रिप फुगून अंगठ्याजवळ सुटतात. पुढेमागे वापरलेली बॉडी घ्यायची वेळ आली तर रंगावरून नजर फिरवा, पण अंगठा ग्रिपवर दाबून दोन मिनिटं धरा.

दिसण्याची आवड असणं यात कमीपणा काहीच नाही. जी वस्तू वर्षानुवर्षं हातात राहणार, जिच्यामागून आपण घरच्यांकडे बघणार, ती डोळ्यांना आवडलीच पाहिजे. तुम्हाला चंदेरी आवडलाय आणि तुमच्या वापरात काळ्याची गरज पडेल असं काही नाही. फक्त खरेदीआधी दोन्ही रंगांच्या वजनाचे आकडे तपासून घ्या. पुढे घ्याल त्या लेन्स बहुतेक काळ्याच मिळतील, पण चंदेरी बॉडीवर काळी लेन्स छान दिसते. तिच्यासाठी चंदेरी लेन्स शोधत बसू नका.